काँग्रेस डॉट गव्ह : ‘सोपा’ विधेयक मुळातून वाचण्याची सोय
ऑनलाइन पायरसी आणि बनावट मालाविरुद्ध ऑक्टोबर २०११मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मांडलेल्या ‘सोपा’ (स्टॉप ऑनलाइन पायरसी अ‍ॅक्ट) विधेयकावर हिरिरीने बोलणारे पुष्कळ, मसुदा वाचलेले थोडे. अमेरिकी काँग्रेसच्या या संकेतस्थळावर तो कलमवार आणि विनामूल्य वाचता येतो, ही मोठी जमेची बाजू. कलम १०३ अवश्य पाहावे: एखाद्या साइटविरुद्ध हक्कधारकाची नोटीस मिळाल्यावर, त्या साइटने आरोप नाकारणारी उलट नोटीस दिली नाही तर, पेमेंट आणि जाहिरात कंपन्यांनी पाच दिवसांत तिच्याशी व्यवहार थांबवावा, अशी तरतूद न्यायालयीन आदेशाविनाच होती, न्यायालयाला वगळून साइटची कोंडी करता येईल हा विरोधकांचा आक्षेप साधार होता हे कळायला एवढे पुरते. भाषा अर्थातच वकिली आहे. नोंदींत केवळ सभागृहाचे कामकाज येते. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया निषेधार्थ बंद राहिला, त्यासाठी जुनी वृत्तपत्रेच चाळावी लागतात.