पॅच जुळतो, फोटो चुकतो: रेंजफाइंडरसोबतचे सात महिने

बाबांचा एक फोटो आहे. खिडकीपाशी बसलेत, उजेड सुरेख, चेहऱ्यावर नुकतंच काहीतरी आठवल्याचा भाव. फक्त डोळे धूसर. कानाजवळचे पांढरे केस मात्र एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. ५० मिमी लेन्स, एफ १.४ (म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडं), अंतर मीटरभर. म्हटलं, माझा हात हलला असेल, नाहीतर बाबा हलले असतील. इतकी वाट बघून घेतलेल्या नव्याकोऱ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर शंका घ्यायला मन धजेना.

तोवर महिनाभर काहीच तक्रार नव्हती. कारण साधं होतं: २८ मिमी लेन्स एफ ८ वर ठेवून मी रस्त्यावर हिंडत होते. तिथे फोकसची असली चूक डेप्थ ऑफ फील्डच्या, म्हणजे पुढेमागे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याच्या, पोटात गडप होते. ५० मिमीला एफ १.४ वर, मीटरभर अंतरावर, पुढेमागे मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर जागा मिळते.

एसएलआरवरून आलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. तिथे आपण लेन्समधूनच बघतो, चुकलं तर डोळ्याला दिसतं. इथे, रेंजफाइंडरमध्ये, बघायची खिडकी म्हणजे व्ह्यूफाइंडर लेन्सपासून वेगळा आणि त्यात सगळं कायम स्पष्टच असतं. लेन्सची रिंग फिरवली की लेन्सची मागची कड माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आतल्या रोलरला ढकलते, रोलरचा दांडा व्ह्यूफाइंडरच्या मधल्या छोट्या चौकोनातली, म्हणजे पॅचमधली, दुसरी प्रतिमा सरकवतो, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की आपण शटर दाबतो. सेन्सरवर काय पडतंय याचा त्या पॅचला पत्ताही नसतो. त्या रोलरपाशी ०.०५ मिमीची चूक असली, तर ५० मिमीवर मीटरभर अंतरावरचा फोकस सुमारे दोन सेंटिमीटर सरकतो. आणि हे अंतराच्या वर्गानं वाढतं: दोन मीटरवर आठ सेंटिमीटर.

शेवटी ट्रायपॉड काढला. टेबलावर पट्टी तिरकी ठेवली, एका आकड्यावर पेन्सिलीची रेघ मारली आणि दहा फोटो काढले. दर वेळी रिंग पूर्ण फिरवून नव्यानं पॅच जुळवायचा. पाच वेळा इन्फिनिटीकडून (रिंगच्या सर्वांत दूरच्या टोकाकडून) येत, पाच वेळा जवळून. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. दहाही फोटोंत स्पष्ट भाग रेघेच्या दीड-दोन सेंटिमीटर मागे! मग लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे सेन्सरवरचं चित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर, मोठं करून फोकस केला, तर रेघ लख्ख. म्हणजे लेन्सच्या काचा धडधाकट होत्या, गडबड पॅचच्या सांगण्यात होती. तरीही दुसरी लेन्स लावून बघितलीच. तीही मागेच. सगळ्या लेन्स एकाच दिशेनं चुकत असतील तर संशय बॉडीवर, एकच चुकत असेल तर त्या लेन्सवर; एवढं ठरल्याशिवाय कुठेही कॅमेरा पाठवू नका. (झोनार नावाच्या जुन्या घडणीच्या लेन्सचा फोकस अ‍ॅपर्चर बंद करत नेलं की आपणहून सरकतो. त्या लेन्सवर ही परीक्षा घेऊन बॉडीला बोल लावू नये.)

इन्फिनिटी तपासताना मी फसले. समोरच्या, शंभरेक मीटरवरच्या इमारतीची कड बघत बसले. कॅमेऱ्याच्या पुढच्या दोन छोट्या खिडक्यांमधलं अंतर सहा-सात सेंटिमीटर असलेल्या रेंजफाइंडरला शंभर मीटर म्हणजे इन्फिनिटी नव्हे. चांगल्या कॅमेऱ्यातही लेन्स इन्फिनिटीला टेकवली की त्या अंतरावर प्रतिमा किंचित हुकलेली दिसते. खरी परीक्षा चंद्रावर झाली. रिंग थेट टोकाला टेकली आणि पॅचमध्ये चंद्राला बाजूनं एक बारीक कोर फुटलेली होती. दोन चंद्र, जवळजवळ एकावर एक, पण नाहीच. पट्टी आणि चंद्र दोघांचीही साक्ष एकच आली.

रोलरवरच्या स्क्रूनं हे घरी दुरुस्त करणारे लोक आहेत. मीही किल्ली हातात घेतली होती आणि परत ठेवली. आता कळतं की माझ्या कॅमेऱ्यात कदाचित तेवढ्यानं भागलं असतं. पण इन्फिनिटी नीट असून फक्त जवळचं चुकत असेल तर दांड्याची वेगळी जुळवणी लागते, आणि एक सुधारताना दुसरं बिघडतं. शिवाय वॉरंटी होती.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव सांगण्यासारखा नाही, पण सांगते. पहिल्यांदा फक्त बॉडी पाठवली. तीन आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी: तपासले, ठीक आहे. चंद्र होता तसाच दुभंगलेला. दुसऱ्यांदा बॉडी आणि ५० मिमी एकत्र पाठवली, पट्टीचे फोटो जोडले, कोणत्या अंतरावर किती चूक आणि कुठल्या दिशेला, हे लिहून दिलं. या वेळी काम झालं. नवीन कॅमेऱ्याच्या ग्राहकानं इतकं पुराव्यानिशी भांडावं लागावं, याचा राग अजून गेलेला नाही.

मधल्या काळात एक जुगाड मात्र कामी आला. मीटरभर अंतरावरच्या चेहऱ्यावर पॅच डोळ्यावर न जुळवता नाकाच्या शेंड्यावर जुळवायचा. चूक दोन सेंटिमीटर मागे, नाक साधारण तेवढंच पुढे. डोळे बरोबर सापडायचे. बसक्या नाकाच्या माझ्या भाच्यावर हा उपाय चालला नाही.

आता दुरुस्तीला चार महिने झाले. ५० मिमी एफ १.४ वर बिनधास्त वापरते, दहातले आठ-नऊ फोटो जिथे हवे तिथे येतात, उरलेले माझ्या आळसाचे. चष्मा लावून आणि न लावता पॅच वेगळा दिसतो, त्यामुळे चष्मा कायम लावूनच जुळवते. मध्यंतरी बॅग दरवाजावर आपटली तेव्हापासून पॅच उभ्या दिशेत केसभर खाली बसतो. उभ्या रेघांवर जुळवताना त्यानं फोकस चुकत नाही, फक्त डोळ्याला खुपतं. दर पौर्णिमेच्या आसपास चंद्र बघून घेते, तो एकच दिसतो. या केसभरासाठी कॅमेरा पुन्हा तीन आठवडे घराबाहेर पाठवायची माझी तयारी नाही.