नीड फॉर स्पीड हीट: रात्र झाली की खरा गेम सुरू

स्ट्रीट रेसिंग गेममध्ये फॅन लोकांना नक्की काय हवं असतं ह्यावर कायम वाद चालू असतात, मला विचाराल तर पकडलं जायची धास्ती आणि स्वतः बनवलेली गाडी, बास. २०१९ चा हीट मी परत पहिल्यापासून खेळतोय आणि ह्या दोन्ही गोष्टी त्यात आहेत म्हणूनच सुटत नाहीये.

दिवसा रीतसर परवानगीच्या रेस, त्यातून पैसे. रात्री बेकायदा रेस, त्यातून रेप्युटेशन, म्हणजे रेसर म्हणून नाव, आणि ते वाढल्याशिवाय भारी गाड्या न् पार्ट खुलत नाहीत. पोलिसांना जितकं चिडवाल तितकी हीट, म्हणजे पोलीस किती मागे लागलेत त्याची लेव्हल, चढते, पार ५ पर्यंत, आणि हीट जास्त तर त्या रात्रीची रेप्युटेशनची कमाई पण कैक पटीने वाढते, फक्त सेफहाउसला, म्हणजे आपल्या अड्ड्यावर, सुखरूप पोचायचं. काल हीट ५ ला होतो, गाडी पार खिळखिळी, पेट्रोल पंपातून नुसती गाडी काढली की रिपेअर होते पण एका रात्रीत तीनदाच, आणि माझे तिन्ही वापरून झालेले. मॅपवर सेफहाउस दिसतंय, मागे सायरन, आणि शेवटच्या वळणाला धडकलो... गेलं सगळं बोनस. राग आला, पण लगेच परत गॅरेजमधून रात्र लावली. ही धास्ती नसेल तर नुसत्या शेकडो गाड्या देऊन काय उपयोग?

गाडी बनवायला पण मजा येते. बंपर, बॉनेट, स्पॉइलर तर आहेच, पण एक्झॉस्टचा आवाजसुद्धा स्लायडर सरकवून हवा तसा करता येतो आणि इंजिन स्वॅप, म्हणजे गाडीत दुसरंच इंजिन बसवणं, पण आहे. ह्याच सिरीजच्या २०१७ च्या पेबॅकमध्ये पार्ट म्हणजे स्पीड कार्ड, नशिबात असेल ते मिळणार! हा प्रकार इथे नाही, हे फार बरं झालं. पार्ट बघून, विचार करून घ्यायचा असतो राव.

स्टोरी ठीकठाक, त्यावर काय लिहायचं.

पण काही गोष्टी खरंच खटकतात. गाडीच्या आतून दिसणारा कॅमेरा नाही. सिरीजच्याच २००५ च्या मोस्ट वॉन्टेडमध्ये दुकानावरचा तो भलामोठा डोनट पोलिसांच्या गाड्यांवर पाडून पळता यायचं, तसलं काही इथे नाही, त्यामुळे पाठलाग लांबला की नुसतं सुसाट पळत राहायचं. आणि ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रस्त्यावरची छोटी रेस, का नाही?? सिरीजच्या जुन्या अंडरग्राउंडमध्ये काट्यावर नजर ठेवून बरोब्बर हिरव्या लाइटला गिअर टाकायचो, एक शिफ्ट चुकली की रेस हातची गेली. पुढच्या गेममध्ये दुसरं काही नाही दिलं तरी चालेल, हे तेवढं परत आणा.