शॉकअप गळेपर्यंत थांबायचं का? एमएक्स-५ वर एक हंगाम चालवल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. शॉकअप गळायला लागायची वाट बघू नका. माझ्या माझदा एमएक्स-५ चे, म्हणजे कापडी छताच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीचे, चारही शॉकअप बाहेरून कोरडे ठणठणीत होते आणि आतून पार संपले होते. एप्रिलमध्ये त्या जागी बिलस्टाईन कंपनीचे बी६ हे शॉकअप बसवले, ऑक्टोबर संपता गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली. नवेपणाचा उत्साह ओसरल्यावर लिहितोय, त्यामुळे थोडं विश्वासार्ह असावं.

गाडी न विचारता शॉकअपवर सल्ला देणारे खूप भेटतात, म्हणून गाडीची माहिती. दुसऱ्या पिढीची, म्हणजे एनबी, २००२ ची. इंजिन १.८ लिटर, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर एक आणि खाली एक असे दोन आडवे हात. वजन एक टनाच्या थोडं वर. मीटरवर सव्वा लाख किलोमीटर उलटून गेलेत. राहायला जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इथे अशा गाड्यांना हंगामी नंबरप्लेट मिळते, माझ्या प्लेटच्या कडेला ०४ आणि १० छापलंय. एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर, बाकी महिने आत. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या दिवसांत गाडी बाहेर निघत नाही आणि विमाही स्वस्त पडतो. पण आधीच्या मालकांनी ही शिस्त पाळली नव्हती हे खालचे गंजलेले बोल्ट बघूनच कळतं.

शॉकअप संपल्याचं कळत का नाही? कारण ते एका दिवसात संपत नाहीत. आतल्या तेलाचा दाटपणा हळूहळू जातो, पिस्टनचं सील झिजतं, व्हॉल्व्हच्या पातळ चकत्या सैलावतात आणि चालवणारा तेवढ्याच हळूहळू जुळवून घेतो. माझंही तेच चालू होतं. ए८ महामार्गावर पुलाचा सांधा लागला की मागचा भाग एकदा खाली बसून गप्प व्हायच्या ऐवजी आणखी अर्धी लाट घ्यायचा. ब्रेक मारून वळणात शिरलं की दबलेलं नाक वर यायला उशीर व्हायचा, तोपर्यंत स्टिअरिंग पोकळ. मी दोष टायरला देत होतो, रस्त्याला देत होतो, एकदा तर वाऱ्यालाही दिला.

खरी खूण टायरवर होती. चाक मोकळं करून आतल्या कडेवरून तळहात फिरवला तर रबराला उंचवटे-खळगे लागले. अलाइनमेंट बिघडली तर टायर एका बाजूने सरळ खातो. असे गोल गोल खळगे पडतात ते चाक रस्त्यावर नीट टेकून न राहता उड्या मारत चाललं की. ऐंशीच्या वेगाला घूं असा आवाज यायचा तोही त्याचाच.

बॉनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा डुलते ते मोजायचं, ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. ती माझी गाडी आरामात पास झाली. हाताने दाबताना दांडा इतका सावकाश हलतो की सांध्यांतल्या रबरी बुशचं आणि सीलचं घर्षणच गाडी थांबवायला पुरतं. शॉकअपचं निम्मं काम दांडा झपाट्याने हलतो तेव्हाचं असतं, खड्ड्यात, सांध्यावर. तिथवर हात पोचत नाही. या परीक्षेत नापास होणारा शॉकअप मरून बरेच दिवस झालेले असतात.

टीयूव्हीची, म्हणजे इथली गाडी रस्त्यालायक आहे का ते बघणारी सक्तीची तपासणी दर दोन वर्षांनी होते, त्यात शॉकअप गळतोय का, जागेवर घट्ट आहे का, एवढं बघतात. माझी गाडी त्यातही पास. मग मशीनवरची परीक्षा करून घेतली. चाकाखालची पाटी मोटरने थरथरवतात, सेकंदाला पंचवीस वेळा हलेपर्यंत वेग नेतात आणि मग मोटर बंद करून पाटी थांबेपर्यंत चाकाचा भार कमीत कमी किती उरला ते स्थिर भाराच्या टक्क्यांत छापून देतात. पद्धत चांगली, पण हलक्या गाडीला आकडे मुळात कमी येतात आणि टायरमधली हवा कमी-जास्त केली की बदलतात. त्यामुळे नुसत्या टक्क्यांवर मी जीव टाकला नसता. कामाची गोष्ट अशी की मागच्या दोन चाकांच्या आकड्यांत डोळ्यात भरेल एवढा फरक होता. एकाच जोडीतली दोन चाकं इतकी वेगळी वागत असतील तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

आता ऐंशी हजार किलोमीटरचा आकडा. शॉकअप बनवणारे साधारण तेवढ्यावर बदला म्हणतात. त्यांना माल विकायचाय हे खरं, पण आकडा अगदीच हवेतला नाही. फक्त तो नेहमीच्या सेडानचा आहे. गुळगुळीत महामार्गावर लाखभर चाललेला शॉकअप ठीक असू शकतो आणि दर शनिवारी घाटात पिळलेला पन्नास हजारांत थकू शकतो. शिवाय वय आहेच. वीस वर्षांचं सील आणि वीस वर्षांचं तेल किलोमीटर विचारत नाही.

एमएक्स-५ च्या बाबतीत मात्र आणखी एक भानगड आहे, बंप स्टॉपची, म्हणजे शॉकअप पूर्ण दबताना शेवटचा धक्का झेलणाऱ्या दांड्यावरच्या ठोकळ्याची. या गाडीच्या सस्पेन्शनला खाली-वर व्हायला जागाच कमी. वळणात गाडी कलली की बाहेरचा शॉकअप थोड्याच प्रवासात फोमच्या बंप स्टॉपला टेकतो. हे मूळ रचनेतच धरलेलं आहे, फोम हळूहळू दबतो आणि स्प्रिंगला हात देतो. पण शॉकअप थकलेला, स्प्रिंग बसलेली आणि फोम कुजलेला, असं तिन्ही जमलं की धक्का थेट लोखंडावर जातो. त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि टायर पकड सोडतो. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाणारा बी५०० हा ब्लॅक फॉरेस्टच्या डोक्यावरून जाणारा रस्ता आहे. त्याच्या वळणांत मध्येच एखादा उंचवटा आला की माझी गाडी वीतभर बाहेर उडी मारायची, ती याच कारणाने.

हे घरी तपासता येतं. शॉकअपच्या दांड्यावरचं धुळीचं आवरण वर सरकवा, दांड्याला बारीक केबल टाय बांधून खाली नळकांड्याला टेकवा आणि नेहमीचा फेरफटका मारा. नळकांडं जितकं वर येईल तितका टाय वर ढकलला जातो. माझ्याकडे गावातल्या चाळीसच्या वेगानेच तो बंप स्टॉपमध्ये जाऊन रुतला होता. माझ्या मते कुठल्याही मशीनपेक्षा हा पुरावा स्वच्छ.

बसवण्याचं काम ओळखीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये झालं, मी शेजारी उभा होतो. पुढचा शॉकअप बाहेर काढायला वरच्या विशबोनचा लांब बोल्ट काढावा लागतो आणि मिठाच्या रस्त्यावर वाढलेल्या गाडीत तो आतल्या पोलादी नळीला चिकटून बसलेला असतो. अर्धा दिवस त्यातच गेला. मागच्यांचे वरचे नट डिकीतून हाताला येतात, ते सोपं. काढलेला मागचा उजवा शॉकअप उभा धरून दाबला तर पहिले दोनेक सेंटिमीटर दांडा नुसताच खाली गेला, कसलाच विरोध नाही. मग आत गुळगुळ आवाज झाला आणि पुढे जरा जड लागला. सोडल्यावर होता तिथेच राहिला. बंप स्टॉप तर बोटात धरताच शिळ्या बेसनवडीसारखा चुरला. नवा बी६ दाबायला मला त्याच्यावर अंगाचा भार टाकावा लागला आणि सोडल्याबरोबर तो आपोआप पूर्ण वर आला.

तो वर येतो गॅसमुळे. बी६ एकनळीचा आहे. एकाच नळीत तेल, त्याच्या टोकाला तरंगता पिस्टन आणि पलीकडे दाबाखालचा नायट्रोजन. दाबामुळे तेलात फेस होत नाही, म्हणून लांब घाटातही शॉकअप मध्येच ढिला पडत नाही. कल्पना क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ या फ्रेंच माणसाची. एन्नेपेटालच्या बिलस्टाईनने ती कारखान्यात उतरवली आणि १९५७ साली मर्सिडीजला असे शॉकअप पुरवायला सुरुवात केली. बी६ मूळ स्प्रिंगवर, मूळ उंचीला बसतो. बी८ चा दांडा आखूड, तो गाडी खाली बसवणाऱ्यांसाठी. उंची बदलली की इथे टीयूव्हीकडून तपासून कागदांत नोंद करून घ्यावी लागते. मला ते झंझट नको होतं.

कुठेही काम करून घेत असाल तर दोन गोष्टी उभं राहून बघा. दांड्यावरचा नट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका, दांडा आत गरागरा फिरतो आणि नवं सील पहिल्याच दिवशी दुखावतं. आणि विशबोनचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळू देऊ नका. रबरी बुश त्याच अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी खाली उतरली की कायम पिळलेलं राहतं. चाकांवर गाडीचा भार आल्यावरच शेवटचा आवळ. माझ्या मेकॅनिकने यावर तोंड वाकडं केलं, पण केलं. नंतर अलाइनमेंट. या गाडीत कॅम्बर, कॅस्टर, टो हे चाकांचे सगळे कोन जुळवता येतात, त्यामुळे ते टाळण्यात अर्थ नाही.

खर्च? चार शॉकअप, नवे बंप स्टॉप, वरची माऊंटिंग, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून हजार युरोच्या बरंच वर. माऊंटिंग आणि बंप स्टॉपमध्ये काटकसर करू नका, सगळं उघडल्यावर ते बदलायला वेगळी मजुरी लागत नाही.

आता वापर. महामार्गावर फरक पहिल्या दिवशीच कळला. सांधा लागतो, एक ठोका, संपलं. पण खरी मजा बी५०० वर. तीच वळणं, तोच उंचवटा, आणि गाडी रस्ता न सोडता त्याच्यावरून जाते. वेग फारसा वाढलेला नाही. स्टिअरिंग सारखं सावरावं लागणं कमी झालं, आणि परतताना मान आखडत नाही. ब्रेकवर नाक अजूनही दबतं, पण एकदाच आणि ठरल्यासारखं.

न आवडलेलंही आहे. एकनळीचा शॉकअप कमी वेगात कडक असतोच. एस्लिंगेनच्या जुन्या गावातल्या दगडी फरशांवर गाडी प्रत्येक दगड मोजून दाखवते. बायको पहिल्याच फेरीत म्हणाली, "पैसे देऊन बैलगाडी केलीस." टायरमध्ये १.८ बारच ठेवलं, त्याहून जास्त भरलं तर तिचं म्हणणं शब्दशः खरं ठरेल. एप्रिलच्या थंड सकाळी पहिले काही किलोमीटर तेल दाट असतं, तेव्हा गाडी जरा ठोकळ्यासारखी वाटते. कापडी छताचे करकर आवाज वाढले. आणि खळगे पडलेले टायर शॉकअप बदलून सुधारत नाहीत, घूं आवाज तसाच राहिला. शेवटी मागचे दोन टायर बदलावेच लागले. ते आधीच बजेटमध्ये धरा.

गाडी फक्त रविवारी आइस्क्रीम खायला काढत असाल तर केवायबीचे साधे दोन नळ्यांचे शॉकअप पुरे, मूळ गाडीच्या जवळचे आणि खिशालाही सोसणारे. हाताने रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडतानाचा विरोध, कमी-जास्त करायची हौस असेल तर कोनीचे पिवळे बघा. स्वस्त कॉइलओव्हरच्या, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचाच्या, वाटेला मी जाणार नाही. आधीच कमी असलेला प्रवास गाडी खाली बसवून आणखी कमी करायचा, मग बंप स्टॉपवर आदळतं म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

पुण्याच्या मित्राचा फोन आला होता, त्याच्या जुन्या पोलो जीटीचे शॉकअप तिथला एकजण तेल भरून नवे करून देतो म्हणे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. कोनी, बिलस्टाईनसारखे काही शॉकअप उघडून सील, व्हॉल्व्ह, गॅस सगळं नवं करता येतं आणि जाणकाराकडून ते करून घ्यायला हरकत नाही. पण कंपनीतून कायमचा बंद होऊन आलेला दोन नळ्यांचा शॉकअप कापून, मिळेल ते तेल ओतून परत वेल्डिंग मारलेला घेऊ नये. महिनाभर तो कडक लागतो, कारण तेल जाड असतं. व्हॉल्व्ह जुनेच असतात. आणि बदलाल तेव्हा पुढची जोडी किंवा मागची जोडी, एकटा कधीच नाही.