लॅपटॉप हँग होतोय, हार्ड डिस्क जातेय वाटतंय: चेकडिस्क मारू की आधी कॉपी काढू?

हा प्रश्न ज्याला पडतो तो बहुतेक वेळा अडकलेल्या स्क्रीनसमोर बसूनच वाचत असतो, म्हणून उत्तर आधीच सांगते: आधी कॉपी. चेकडिस्क म्हणजे विंडोजचंच डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, आणि ज्या डिस्कवर तुमच्या डेटाची एकुलती एक प्रत आहे तिच्यावर रिपेअरचा कुठलाही प्रयोग नको, मग तो विंडोजने स्वतःहून सुचवला तरी नको.

पण त्याआधी दुखणं डिस्कचंच आहे ना हे बघून घ्या, कारण हँग व्हायला कारणं पुष्कळ असतात. डिस्कचं हँग होणं ओळखू येतं. माउसचा बाण फिरतो पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही, डिस्कचा दिवा असेल तर तो न लुकलुकता जळत राहतो, आणि मग मिनिटभराने तुम्ही मारलेल्या सगळ्या क्लिक धडाधड एकदम उघडतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते पण वेग बघावा तर सेकंदाला १ एमबीसुद्धा नाही, आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद. आतमध्ये होतं असं की एखादा सेक्टर (डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा) नीट वाचला जात नाही, मग डिस्क तोच परत परत वाचून बघते आणि तोवर बाकी सगळी कामं मागे रांगेत उभी. याउलट बाण जागच्या जागी मेला, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा बदलत नाही, किंवा पंखा जोरात फिरून लॅपटॉप एकदम बंदच पडला, तर आधी रॅम किंवा तापण्याकडे बघा. सोपी परीक्षा म्हणजे पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता थेट चालणारी, विंडोजऐवजीची सिस्टिम) चालू करायचं, त्यावर तासभर लॅपटॉप सुरळीत चालला तर संशय डिस्कवर किंवा विंडोजवर, बाकीचं मशीन बहुधा ठीक.

मग स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघा, क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये दोन मिनिटांत दिसतो. तीन ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. हे आकडे शून्य नसतील आणि रोज वाढत असतील तर डिस्क चाललीय हे धरून चाला. एकटा सी७ वाढत असेल तर मात्र केबल किंवा कनेक्टर ढिला असण्याची शक्यता जास्त. आणि वर निळं ‘गुड’ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता, त्यात स्कॅनमध्ये पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट दिसली, पण गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टमधल्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे रिपोर्ट वाईट असेल तर विश्वास ठेवा, चांगला असेल तर तेवढा ठेवू नका.

आता खरी तुलना. चेकडिस्क आणि कॉपी ही दोन कामंच वेगळी आहेत. चेकडिस्क फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची वही, सुसंगत करते, तुमच्या फायली वाचवणं हे तिचं कामच नाही, आणि कमांडला स्लॅश आर (/r) हा पर्याय लावला की ती अख्खी डिस्क सेक्टर बाय सेक्टर वाचत बसते, म्हणजे शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तुम्ही रात्रभर पळवता, वर ती त्याच डिस्कवर लिहितेसुद्धा. माझ्या मावसबहिणीच्या लॅपटॉपवर मी हेच केलं होतं. तिच्या सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात होत्या. रात्री लावलं, सकाळी संपलेलं होतं, लॅपटॉप चालूही झाला, पण प्रश्नपत्रिकांचं फोल्डर रिकामं, आणि एक लपवलेलं फाउंड डॉट ००० नावाचं फोल्डर, त्यात फाइल०००० डॉट सीएचके, फाइल०००१ डॉट सीएचके अशी शेकड्यांनी रांग. नावं गेली, तारखा गेल्या. एकेक वर्डमध्ये उघडून ही सातवीची की नववीची हे ती बघत बसली आणि कित्येक तर अर्ध्याच निघाल्या. आधी कॉपी काढली असती तर बहुतेक सगळ्या नावासकट मिळाल्या असत्या याचं मला आजही वाईट वाटतं. चेकडिस्कला जागा आहेच, पण डिस्क धडधाकट असून नुसती लाइट जाऊन फाइल सिस्टिम बिघडली असेल तेव्हा, किंवा मग कॉपीवर.

कॉपीतही दोन वाटा आहेत. साधं कॉपी पेस्ट त्यांच्यासाठी ज्यांना मोजक्याच फायली हव्यात आणि डिस्क अजून बऱ्यापैकी उघडतेय. ते विंडोजमधून करण्यापेक्षा लाइव्ह लिनक्समधून करा, कारण विंडोज चालू असताना स्वतःच सतत त्या डिस्कवर लिहीत असते. सगळं फोल्डर एकदम ओढू नका, जे गेलं तर रडाल ते आधी, सिनेमे शेवटी. एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडून पुढे जा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लागलेलं असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच शोधून ठेवा, नाहीतर लिनक्समध्ये ड्राइव्ह दिसेल पण उघडणार नाही.

दुसरी वाट डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कची पूर्ण प्रत काढणारा लिनक्सवरचा प्रोग्राम, आणि डिस्क सारखी अडकत असेल किंवा सगळंच हवं असेल तर मी हीच धरेन. ते आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अवघड भाग बाजूला ठेवतं आणि मग परत त्या भागांकडे येतं, शिवाय कुठवर आलो ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच डिस्क अडकली तरी बंद करून, थंड होऊ देऊन तिथूनच पुढे चालू करता येतं. साध्या कॉपीला हे जमत नाही. मात्र त्याला मूळ डिस्कएवढी किंवा मोठी दुसरी डिस्क लागते, वेळ कधीकधी दिवसांत जातो, आणि कमांडमध्ये कुठली डिस्क कुठली हे उलटं टाकलं तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाते. एंटर दाबण्याआधी मॉडेल नंबर आणि साइज मोठ्याने वाचा, खरंच.

आणि काही वेळा दोन्ही नको. टक्टक् आवाज येतोय, डिस्क बायोसमध्येच (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नाही, लॅपटॉप पडला होता किंवा पाणी गेलं होतं, तर परत परत चालू करून बघू नका. डेटा वाचणारं हेड फिरणाऱ्या तबकडीपासून (प्लॅटरपासून) काही नॅनोमीटरवर तरंगतं, ते एकदा घासायला लागलं की दर वेळी चालू करताना थोडा डेटा खरवडला जातो. तिथे क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेली रिकव्हरी लॅबच. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून फिरतो, त्याने आत दव धरतं, तो करू नका. तसंच सर्किट बोर्ड नुसता बदलूनही सहसा चालत नाही, कारण त्याच डिस्कपुरती जुळवलेली सेटिंग बोर्डावरच्या चिपमध्ये असतात.

नवीन काय घ्यावं यावर फार बोलण्यासारखं नाही, एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, घ्या. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबीच्या आसपास, साटा (हार्ड डिस्कच्याच कनेक्टरला लागणारी) एसएसडी ५५० पर्यंत, आणि लॅपटॉप खाली पडला तरी आत फिरणारं काही नाही. फक्त हार्ड डिस्क निदान कुरकुर करते तशी ती करेलच असं नाही, अचानक जाते, आणि डिलीट केलेलं ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा लगेच साफ करण्याची सोय) बहुतेक परत मिळत नाही, म्हणून बॅकअप हवाच. जुना बे (डिस्क बसते तो खण) कधीकधी ७ मिलिमीटर जाडीचाच असतो किंवा एम.२ स्लॉटही (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची जागा) असतो, उघडून बघून मगच मागवा. आजारी डिस्कवरचं विंडोज क्लोन करून नव्यावर आणण्यापेक्षा नवीन टाका, खराब सेक्टरमधल्या तुटक्या सिस्टिम फायली बरोबर येतात आणि हँग होणं तिथेही चालूच राहतं. जुनी डिस्क मात्र लगेच फॉरमॅट करू नका. वाचवलेल्या फायली नुसत्या मोजू नका, उघडून बघा, आणि महिना दोन महिने ती तशीच अँटीस्टॅटिक पिशवीत राहू द्या, एखादी विसरलेली फाइल तेवढ्या काळात हमखास आठवते.