झिंकचा ब्लॉक हाताने करायला शिकवणारी बडोद्यातील कार्यशाळा

माझ्या वडिलांचा रावपुऱ्यात ट्रेडल मशीनचा छापखाना होता आणि लग्नपत्रिकेवर गणपती छापायचा असला की ब्लॉकमेकरकडून लाकडावर ठोकलेला झिंकचा ब्लॉक येत असे. तो तयार कसा होतो हे मी कधीच पाहिले नव्हते. म्हणून दांडिया बाजाराजवळच्या एका खासगी स्टुडिओने उठावाच्या एचिंगची, म्हणजे आम्लाने धातूचा पत्रा खाववून रेषा वर उठवण्याची, तीन दिवसांची कार्यशाळा जाहीर केली, तेव्हा ४५०० रुपये भरून मी लगेच नाव नोंदवले.

पहिला दिवस इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकच्या पद्धतीचा होता. नेहमीच्या एचिंगमध्ये शाई खाचेत भरतात. ब्लेकने १७८८ च्या सुमारास लंडनमध्ये नेमके उलट केले, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या वार्निशने चित्र काढले, अक्षरे उलटी लिहिली आणि भोवतालचे तांबे आम्लाकडून खाववून रेषा उठावात ठेवल्या. देवनागरीत हे फार नडते, कारण उलट्या ‘कि’ची वेलांटी उजवीकडे जाते आणि डोळा त्याला ‘की’ समजून हात थांबवतो. ब्लेकचा उठाव उथळ असल्यामुळे खालच्या भागालाही शाई लागे आणि ती पुसून काढावी लागे, हे आमच्या ठशांतही दिसले.

खरे शिक्षण दुसऱ्या दिवशी झाले. आम्ल केवळ खाली खात नाही, ते रेषेच्या कडेनेही आत शिरते, त्यामुळे खोली वाढवावी तर बारीक रेषा पोखरून निघून जाते. फ्रेंच मुद्रक फिर्मँ झिलो याने १८५० मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेल्या पद्धतीचे मर्म येथेच आहे: थोडे खाववायचे, रेषेला शाई द्यायची, त्यावर राळेची पूड टाकून पत्रा तापवायचा, म्हणजे वितळलेले आवरण रेषेच्या कडांवरून ओघळून त्यांना झाकते, आणि मग पुन्हा आम्लात सोडायचा. शिक्षकांनी एकच मोर दोन पत्र्यांवर काढून दाखवला. सलग खाववलेल्या पत्र्यावरचा तुरा नाहीसा झाला होता; राळ लावलेल्यावर त्याची एकेक काडी शाबूत होती. पत्र्यावर जमणारे बुडबुडे पिसाने अलगद हलवत राहण्याचे कामही त्यांनी प्रत्येकाच्या हाती दिले. असे शिकवणारे मला क्वचितच भेटले आहेत.

तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. नायट्रिक आम्लाचे काम चालू असताना धूर ओढणारा पंखा दुपारी बंद पडला, तरीही काम थांबवले गेले नाही. दोघांना खोकल्यामुळे बाहेर जावे लागले. अशा जागी पंखा बंद तर आम्लही बंद, हा नियम हवाच. तिसऱ्या दिवशी बारा जणांना छपाईचे एकच मशीन असल्यामुळे माझ्या वाट्याला जेमतेम चार ठसे आले.

पंखा दुरुस्त झाल्याची खात्री करून घेतल्यावर मी पुढच्या तुकडीलाही जाणार आहे. जाणाऱ्यांनी चित्र घरूनच काढून न्यावे, रेषा जाडसर ठेवाव्यात आणि मोठी मोकळी जागा टाळावी. तेथे रोलर दबला की शाई खाली टेकते आणि कागदावर काळे डाग उमटतात.