लाव रे तो व्हिडिओ की पावसातली सभा? मतांवर जास्त परिणाम कुणाचा झाला?

दोन्ही सभा २०१९ सालच्या, दोन्ही मोबाइलवर तुफान फिरल्या. लोकसभेच्या वेळी राज ठाकरे ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत मोठ्या पडद्यावर मोदींची जुनी भाषणं लावून पंचनामा करायचे. गर्दी तुडुंब, क्लिपा घरोघर. पण मनसेचा एकही उमेदवार उभा नव्हता! टाळ्या वाजवणाऱ्यानं बटण दाबायचं कुठलं? निकालात भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा. लोकांनी करमणूक म्हणून पाहिलं आणि मत आधी ठरलेलंच दिलं, असं मला वाटतं.

१८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. ना पडदा, ना पुरावे. ऐंशीकडे झुकलेला माणूस चिंब भिजतोय, एवढंच चित्र. लोकसभेला उदयनराजेंना उमेदवारी देण्यात चूक झाली, हेही त्यांनी कबूल केलं. मतदान तीनच दिवसांवर होतं, आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत समोर राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेलेले दस्तुरखुद्द उदयनराजे. पवारांचे उमेदवार श्रीनिवास पाटील जिंकले. श्रेय एकट्या पावसाला देणं भाबडेपणाच. तिथं पक्षाची जुनी मुळं होती. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्यानं वाद पेटले, दुसऱ्यानं मरगळलेले कार्यकर्ते उठून बूथवर गेले.