लामार्क, मार्शल नील की न्यू डॉन? सातारा-सांगलीसाठी जुन्या वेली गुलाबांची तुलना

साताऱ्यात, कराडला किंवा सांगलीत घराच्या फाटकावर अथवा गच्चीच्या मांडवावर एकच वेली गुलाब चढवायचा असेल आणि तोही जुन्या, नावाजलेल्या वाणांपैकी हवा असेल, तर लामार्क, मार्शल नील आणि न्यू डॉन ही तीन नावे विचारात घेण्याजोगी आहेत. युरोप-अमेरिकेत या वाणांची पारख प्रामुख्याने त्यांच्या थंडी सोसण्याच्या ताकदीवरून केली जाते. आपल्याकडे तो निकष बाजूलाच ठेवावा लागतो. कृष्णाकाठी वेलाची परीक्षा पाहतात ते पावसाळ्यातील ओल आणि एप्रिल-मे महिन्यांतील ऊन. त्या परीक्षेत कोणता वाण कसा उतरेल, हे त्याच्या वंशावळीवरून बरेचसे कळते.

पहिले दोन वाण एकाच घराण्यातले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील चार्ल्सटन येथे, जॉन चॅम्पनीज या भातशेतीच्या मालकाकडे कस्तुरी गुलाब आणि चिनी ‘ओल्ड ब्लश’ यांच्या संकरातून झुबक्यांनी फुलणारा एक वेल तयार झाला. तेथीलच रोपवाटिकाचालक फिलिप नॉइझेट यांनी त्या वंशाची पुढची पिढी पॅरिसमधील आपला भाऊ लुई याच्याकडे पाठवली आणि संपूर्ण कुळाला नॉइझेट हे नाव पडले. मूळ वेल ज्यांच्या बागेत निपजला त्या चॅम्पनीज यांचे नाव मात्र मागे पडले, हे काही न्याय्य झाले नाही. पुढे १८२४ मध्ये चीनमधून इंग्लंडला पोहोचलेल्या फिकट पिवळ्या चहागंधी गुलाबाचा या कुळाशी संकर झाला आणि मोठ्या, सुवासिक, पिवळसर फुलांची शाखा सुरू झाली. फ्रान्समधील आँजे येथे १८३० मध्ये तयार झालेला लामार्क हा या शाखेचा आद्य पुरुष म्हणता येईल. त्याच्या बियांपासून १८४३ मध्ये ‘क्लॉथ ऑफ गोल्ड’ निपजला, आणि १८६४ मध्ये मोंतोबाँच्या प्रादेल यांनी बाजारात आणलेला मार्शल नील हा या ‘क्लॉथ ऑफ गोल्ड’चे अपत्य मानला जातो. त्याला नाव दिले गेले ते फ्रेंच सेनानी अदोल्फ नील यांचे, जे १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर मार्शल झाले होते.

चिनी चहागंधी रक्तामुळे या दोघांना हिवाळी विश्रांतीची गरज नसते आणि उष्मा मानवतो. इंग्लंडमध्ये मार्शल नीलला काचघरात जपावे लागे. सांगलीत तो उघड्यावर वाढू शकतो. लांबट कळी, भरगच्च पाकळ्या, लिंबापेक्षा गडद पिवळा रंग आणि चहाच्या पत्तीसारखा सुगंध यांमुळे व्हिक्टोरियन काळात त्याची मोठी चलती होती. त्याच्या फुलाची मान मात्र कमकुवत असते. फुलदाणीसाठी हा दोष आहे. उंच मांडवावर, जेथे पाहणारा खालून वर बघतो, तेथे हाच गुण ठरतो. त्याची खरी अडचण पावसात येते. भिजलेल्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, कळी न उमलताच कुजते आणि कोवळ्या फुटीवर भुरी येते. त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात हा वाण लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतरत्र लावायचा असल्यास जोमदार खुंटावर डोळा भरलेलेच रोप घ्यावे.

लामार्क रूपाने साधा आहे. पांढरे फूल, गाभ्याशी लिंबाची झाक, झुबकेदार बहर आणि मंद पण ओळखू येणारा सुगंध, एवढीच त्याची मिरवणूक. वाढीला मात्र तो नातवापेक्षा दांडगा आहे. जागा मिळाल्यास पंधरा-वीस फुटांची भिंत सहज व्यापतो. पाऊस ओसरल्यावर सावरण्यातही मी त्यालाच उजवा मानतो.

न्यू डॉनचे कूळ पूर्णपणे वेगळे आहे. पूर्व आशियातील विचुराना या रांगत्या जंगली गुलाबाचे रक्त असलेला ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ हा वेल १९१० मध्ये आला. तो वर्षातून एकदाच फुलत असे. न्यू जर्सीतील एका रोपवाटिकेत त्याच्या एका फांदीला पुन्हा पुन्हा बहर येतो असे आढळले आणि त्या फांदीपासून न्यू डॉन तयार झाला. १९३१ मध्ये त्याला अमेरिकेचे पहिले वनस्पती-पेटंट मिळाले. चकचकीत, रोगाला दाद न देणारे पान ही त्याची मोठी जमेची बाजू आहे आणि ओलसर घाटमाथ्यावर तिघांपैकी याचीच निवड करणे शहाणपणाचे ठरेल. सुगंधात तो उणा आहे, काटे फार आहेत आणि मोत्यासारखा गुलाबी रंग कडक उन्हात पांढरा पडतो. मूळ बदल एका फांदीत झालेला असल्याने तो क्वचित उलटतो, म्हणजे पुन्हा वर्षातून एकदाच फुलू लागतो. म्हणून कलमासाठी काडी घ्यायची ती दुसऱ्या बहरातही फुललेल्या फांदीचीच घ्यावी.

सातारा शहर, कराड, सांगली आणि मिरज येथील एकाच जागेसाठी माझा कौल लामार्कला आहे. ज्यांच्याकडे उंच मांडव आहे आणि पावसाळ्यातील बहरावर पाणी सोडण्याची तयारी आहे, त्यांनी मार्शल नील अवश्य लावावा, कारण दिवाळीनंतर येणाऱ्या त्याच्या फुलांची सर उरलेल्या दोघांना नाही.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना येथे एक सूचना करावीशी वाटते. द्राक्षवेलीची एप्रिलमधील खरड छाटणी हाताच्या सवयीची असली, तरी या गुलाबांवर तशी कात्री चालवू नये. त्यांना फूल येते ते जुन्या लांब फांद्यांवरील आखूड फुटव्यांना, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे त्या फांद्या राखून तारेवर शक्य तितक्या आडव्या बांधाव्यात आणि ऑक्टोबरमध्ये केवळ वाळकी काडी व फुलून गेलेले फुटवे काढावेत. लागवडही त्याच सुमारास करावी; काळ्या जमिनीत खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळून रोप उंचवट्यावर लावावे, म्हणजे पुढच्या आषाढात मुळांशी पाणी साचणार नाही.